दर्या दौलत बाग: यातला दर्या कुठला?

प्रश्न: श्रीरंगपट्टणवर लेख लिहिते आहे. टिपू सुलतानाच्या ‘दर्या दौलत बाग’ या महालाच्या नावाचा अर्थ जिथे तिथे ‘समुद्राची संपत्ती’ असा दिलेला सापडतो. पण महाल कावेरीकाठी, समुद्र पार घाटाखाली. मग हा दर्या आला कुठून? आणि त्याला इंग्रजीत ‘समर पॅलेस’ म्हणतात, त्यासाठी ‘उन्हाळी महाल’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद: ‘उन्हाळी महाल’ नको हो ताई! आमच्याकडे उन्हाळी लागते, म्हणजे लघवीला जळजळ होते, आणि त्यावर धण्याचं पाणी पितात. सरळ ‘उन्हाळ्यात राहायचा महाल’ लिहा. शब्द वाढले तरी परवडतील.

प्रतिसाद: मराठीत दर्या म्हणजे समुद्रच, दर्यावर्दी, दर्याला उधाण वगैरे. पण फारसीत तो मोठ्या नदीलाही चालतो. अमू दर्या, सीर दर्या या नद्याच आहेत, आणि हिंदी-उर्दूतला ‘दरिया’ तर बहुतेक वेळा नदीच असतो. तेव्हा माझ्या मते हा दर्या म्हणजे शेजारून वाहणारी कावेरी. ‘दौलत’चंही तसंच. आज आपण पैसाअडका समजतो, पण मराठेशाहीच्या कागदांत दौलत म्हणजे राज्य, सत्ता. शिंद्यांची दौलत म्हणजे त्यांची तिजोरी नव्हे. दौलताबादेतली दौलतही तीच. (शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान असे दोन सरदार होते. इथे त्यांचा संबंध नाही, पण जोडी मजेची आहे.)

प्रतिसाद: काका, नदीचा मुद्दा पटतो, पण समुद्र इतक्या लवकर सोडू नका. महाल 1784चा. त्याच वर्षी इंग्रजांशी मंगळूरचा तह झाला आणि ते बंदर टिपूकडे राहिलं. त्याचा मस्कतशी व्यापार होता, पुढे आरमार उभारायचा मोठा बेतही त्याने आखला. असा माणूस महालाच्या नावात समुद्र घालणारच नाही, असं कसं म्हणणार?

प्रतिसाद: मुद्दा रास्त आहे. ताई, लेखात दोन्ही अर्थ द्या. ‘समुद्राची संपत्ती’ एवढंच लिहून मोकळ्या होऊ नका.

आता महालाबद्दल. उंच जोत्यावर उभा, बराचसा सागवानी, चारी बाजूंनी खोल ओसरी. ओसरीला हिरवे पडदे सोडलेले असतात, त्यामुळे भर दुपारीही आत मंद उजेड असतो. खरा ऐवज पश्चिमेच्या भिंतीवर आहे: 1780ची पोल्लिलूरची लढाई. हैदर आणि टिपूने इंग्रजांच्या कर्नल बेलीची फौज बुडवली, तो प्रसंग. दारूगोळ्याच्या गाडीचा भडका उडालाय आणि पालखीत बसलेला बेली बोट चावतोय! पूर्वेच्या भिंतीवर राजेरजवाडे आहेत. त्यांत पेशवे बाळाजीराव आणि तंजावरचे राजेही आहेत. आपले मराठी पर्यटक तिथे सरळ पुढे जातात, कुणी थांबत नाही.

लढाईचं हे चित्र मात्र अस्सल जुनं समजू नका. इंग्रजांनी 1799ला श्रीरंगपट्टणला वेढा घातला, त्याच्या आधीच ते खराब केलं गेलं होतं. 1799 नंतर इथे कर्नल वेलस्ली राहायला आला, पुढे नेपोलियनला हरवणारा तोच. त्याने ते दुरुस्त करून घेतलं. नंतर पुन्हा चुना फासला गेला, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने मूळ चित्र आठवणाऱ्या एका देशी चित्रकाराकडून ते परत रंगवून घेतलं. हरलेल्या लढाईचं चित्र इंग्रजांनीच दोनदा जपलं, याचं मला फार नवल वाटतं. 1959पासून इथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे; नाणी, नकाशे, जुनी चित्रं वगैरे.

प्रतिसाद: तिसरा शब्द राहिला की! बाग म्हणजे नुसती झाडं नव्हेत. बागेत बांधलेल्या घरालाही बागेचंच नाव चिकटतं. पुण्याचा विश्रामबागवाडा पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांच्या बागेच्या जागी उभा राहिला, आणि हेच हरिपंत 1792ला इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसबरोबर श्रीरंगपट्टणच्या मोहिमेवर होते.

प्रश्नकर्ती: मग ‘दर्या दौलत बाग पाहिली’ की ‘पाहिला’?

प्रतिसाद: पाहिली. बाग मराठीत पुल्लिंगीही चालत असे, पण आता तसं फारसं कुणी बोलत नाही. वाक्यात ‘महाल’ आला की पाहिला.