मदत हवी आहे : औष्णिक केंद्रात काम केलेलं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या मुलांसाठी 'सूर्य मावळल्यावर वीज कुठून?' असा तास तयार करतेय आणि एका ठिकाणी अडलेय.

२०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत (म्हणजे सगळी केंद्रं पूर्ण चालली तर मिळू शकेल एवढ्या विजेत) बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. मुलांना वाटतं, म्हणजे निम्मी वीज हरित झाली! पण प्रत्यक्ष निर्मितीत कोळसाच पुढे आहे, कारण सौर पॅनल रात्री काहीच देत नाही. एवढं मी समजावू शकते. साठवणुकीसाठी घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाचं उदाहरण घेतलंय : २५० मेगावॅट, स्वस्त विजेवर पाणी वरच्या जलाशयात चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं.

अडचण कोळशावर वीज तयार करणाऱ्या संचांची आहे. दुपारी सौर वीज भरपूर असताना ते कमी भारावर आणायचे आणि संध्याकाळी पुन्हा भराभर चढवायचे. २०२३ च्या नियमांत पूर्ण क्षमतेच्या ५५ टक्के भारापर्यंत उतरण्याची अट आहे, पुढे ४० टक्के. हे रोज केलं तर बॉयलरच्या नळ्यांवर, टर्बाइनवर नेमकं काय होतं? ज्योत स्थिर ठेवायला तेल जाळावं लागतं का? चंद्रपूर, कोराडी, परळी, कुठल्याही केंद्रात पाळी केलेल्या कोणी अनुभव सांगितला तर फार उपकार होतील. पुस्तकातलं उत्तर माझ्याकडे आहे. मला कंट्रोल रूममधलं हवंय. तास पुढच्या गुरुवारी आहे.