मदत हवी आहे: ट्यूबिंगचं व्हॉन मिसेसचं गणित सॉफ्टवेअरशी जुळत नाहीये

नमस्कार मंडळी, दोन दिवस एकाच गणितात (व्हॉन मिसेस, म्हणजे तिन्ही दिशांचे ताण मिळून निघणारा एक आकडा, जो स्टीलच्या ताकदीशी ताडतात) अडकलोय, कुणी नजर टाकली तर फार बरं होईल. तेलविहीर सरळ उभी, २४०० मीटर. ट्यूबिंग (तेल वर आणणारी आतली नळी) २ ७/८ इंची, एल-८० ग्रेड, बाहेरचा व्यास ७३.०२ मिमी, आतला ६२ मिमी, यील्ड (ज्या ताणाला स्टीलचा आकार कायमचा बदलायला लागतो) ५५२ मेगापास्कल. खाली पॅकरला (नळी आणि बाहेरचा केसिंग पाइप यांच्यामधली जागा बंद करणारं सील) अँकर केलीय, आतबाहेर पाणीच. पॅकरखाली प्लग बसवून वरून ४५ मेगापास्कलची प्रेशर टेस्ट करायचीय, अॅन्युलसला (नळी आणि केसिंगमधली पोकळी) वर प्रेशर शून्य, तापमान बदलत नाही असं धरलंय.

हवेतलं वजन २२८ किलोन्यूटन, तळाशी पाण्याचा दाब वजा केला की टॉपला २०० राहतात, आणि प्रेशर दिल्यावर नळी फुगते तशी लांबीला आखडायला बघते पण अँकर सोडत नाही म्हणून अजून ८० वाढतात. एकूण २८०. लामेच्या सूत्राने आतल्या पृष्ठभागावर हूप स्ट्रेस (परिघाच्या दिशेचा ताण) २७७ आणि रेडियल (त्रिज्येच्या दिशेचा) वजा ४५ मेगापास्कल आला. इथपर्यंत खात्री आहे.

पुढे इफेक्टिव्ह टेन्शन (खऱ्या ओढीत आतल्या-बाहेरच्या दाबाचा परिणाम धरून उरणारी ओढ) घ्यायचं असं वाचलं होतं म्हणून २८० मधून आतला दाब गुणिले आतलं क्षेत्रफळ, म्हणजे १३६, वजा केले, उरले १४४, त्याला स्टीलच्या ११६९ चौमिमीने भागून अॅक्सिअल (लांबीच्या दिशेचा) स्ट्रेस १२३ धरला. व्हॉन मिसेस २७९, सेफ्टी फॅक्टर १.९८. सहकाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये १.८१ येतोय! बार्लोच्या सूत्राने बर्स्ट (नळी आतून किती दाब सोसेल तो आकडा) ७३ येतं म्हणजे १.६२, पण त्यात भिंतीची जाडी साडेबारा टक्के कमी धरतात आणि अॅक्सिअल लोड नसतोच, त्यामुळे तो फरक कळतो. माझं कुठे चुकतंय? हा आकडा उद्या पुढे द्यायचाय आणि चुकीचा सेफ्टी फॅक्टर द्यायची माझी अजिबात तयारी नाही.

प्रतिसाद:
तुम्ही दाब दोनदा वजा केलाय. लामेचे हूप आणि रेडियल वापरताय तर व्हॉन मिसेसमध्ये अॅक्सिअल खराच घ्यायचा, २८० भागिले ११६९ म्हणजे २३९.५. करून बघा, ३०५ येईल. इफेक्टिव्ह टेन्शनही वापरता येतं पण मग सूत्राची मांडणी वेगळी. हूप आणि रेडियलची सरासरी ११६, ती २३९.५ मधून वजा केली की १२३ उरतात, म्हणजे तुमचाच आकडा. त्याचा वर्ग, अधिक तिप्पट १६१ चा वर्ग (दाबातला फरक गुणिले बाहेरचं क्षेत्रफळ भागिले स्टीलचं), आणि वर्गमूळ. तेच ३०५. तुमचे १२३ बरोबरच होते, जागा चुकली.

पण मला खरी काळजी खालच्या टोकाची वाटते. पॅकरपाशी खरं टेन्शन ५४ च्या आसपास येतंय, म्हणजे नळी ताणलेलीच दिसते, पण आत ६८.५ आणि बाहेर २३.५ मेगापास्कल दाब धरून इफेक्टिव्ह काढा, जवळपास वजा ५४ येईल. म्हणजे तिथे नळी बकल होणार (वेटोळ्यासारखी वाकणार). खरं टेन्शन पाहून बकलिंग नाही म्हणणं ही फार घातक चूक आहे आणि ती सर्रास होते. तिथला बेंडिंग स्ट्रेस धरलात का? केसिंगचा आतला व्यास किती?

धागाकर्ता:
खूप खूप आभार, ३०५ आले आणि १.८१ जुळलं. बकलिंग मी धरलंच नव्हतं, टॉपलाच सगळ्यात वाईट असणार असं गृहीत धरून बसलो होतो. इफेक्टिव्ह टेन्शन साधारण १७४० मीटरला शून्य होतंय म्हणजे खालची ६६० मीटर नळी बकल होतेय. केसिंगचा आतला व्यास १५७ मिमी आहे, बकल झालेल्या नळीसाठीच्या लुबिन्स्कीच्या सूत्राने पॅकरपाशी बेंडिंग स्ट्रेस ६० च्या थोडा वर येतोय. तो बाहेरच्या पृष्ठभागावर जास्त आणि हूप आतल्या, म्हणून दोन्हीकडे अधिक आणि वजा धरून चारही वेळा व्हॉन मिसेस काढायला बसलोय, झालं की आकडे इथेच टाकतो, कृपया बघाल का?