मदत हवी आहे: सोशल मीडियामुळे फोटोंच्या प्रिंट खरंच विकल्या जातात का?

इन्स्टाग्रामवर लाइक पडतात, ऑर्डर येत नाहीत. घोडं नेमकं कुठे अडतं? कॅप्शनमधली लिंक क्लिक होत नाही, म्हणून ती बायो आणि स्टोरीत दिली आहे. पोस्टला १०८० पिक्सेल रुंदीची फाइल, छपाईला ३०० डीपीआयची (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके; ए३ साठी ३५०८ × ४९६१ पिक्सेल). पडद्यावर उजळ दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो, त्यामुळे सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर फोटो कसा दिसेल याची पडद्यावरची झलक) पाहूनच विक्रीला ठेवायचा, इथपर्यंत ठीक.

पण मॅट कॉटन कागदाचा पोत गिऱ्हाइकाला दाखवायचा कसा? भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो चालतो की तिरप्या उजेडात प्रिंट हळूच कलवतानाचा व्हिडिओ? हॅशटॅगवरून येतात ते बहुतेक फोटोग्राफरच, आणि ते घेतात कुठे! मग पैसे जाहिरातीवर घालावेत की ईमेल यादीवर? प्रत्येक लिंकला वेगळा यूटीएम टॅग (गिऱ्हाईक कुठल्या लिंकवरून आलं ते सांगणारी खूण) लावून ज्यांनी ऑर्डर मोजल्यात त्यांनी सांगा, नुसते रीचचे (पोस्ट किती जणांना दिसली त्याचे) आकडे नकोत.