अनुभव धागा: दुकानात राजरोस मिळणारी नशा आणि आपली मुलं

दारू-सिगारेटवर आपली नजर असते. किराणा, स्टेशनरी, मेडिकलमध्ये उघड मिळणाऱ्या वस्तूंचं काय? तुम्ही जे पाहिलंत ते लिहा, मुलांची आणि शाळांची नावं मात्र नकोत. सुरुवात मी करते.

आमच्या नववीतल्या चिरंजीवांच्या क्लासच्या बॅगेत एनर्जी ड्रिंकचे चेपलेले कॅन निघाले. "आई, दारू थोडीच आहे!" मुलांसाठी नाही, अशी बारीक अक्षरांतली सूचना त्यालाच वाचायला लावली. लिटरला 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं म्हणे. रात्री झोप नाही, सकाळी डोकं ठणकतं, मग परत कॅन. बंद केल्यावर सुरुवातीला घरात नुसती आदळआपट. शाळांपासून 500 मीटरच्या आत विक्रीबंदी आणू, असं 2024 मध्ये मंत्री सभागृहात म्हणाले होते. आमच्या कोपऱ्यावरचा फ्रिज आजही भरलेलाच.

शिक्षिका, सोलापूर: मधल्या सुट्टीनंतर एक मुलगा सारखा रुमाल नाकाशी धरायचा. सर्दी झालीय म्हणायचा. रुमालाला पंक्चरच्या सोल्युशनचा वास! नाकाभोवती पुरळ, बोलणं जड. नशेसाठी हुंगल्या जाणाऱ्या व्हाइटनरच्या बाटल्यांवर 2012 साली बंदी आली, पण सोल्युशनची ट्यूब कुणीही घ्यावी. असं हुंगताना पहिल्याच वेळी हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणून मूल नशेत असताना अंगावर धावून जाऊ नका, पळवू नका. दचकल्यानं धोका वाढतो. खिडक्या उघडा, शांत बसवा, डॉक्टर गाठा.

मेडिकलवाला, सांगली: निकोटिनचं 2 मिलिग्रॅमचं च्युइंगम चिठ्ठीशिवाय विकता येतं, 4 चं नाही. आहे सिगारेट सोडणाऱ्यांसाठी. पण मिंटची चव, तोंडाला वास नाही, त्यामुळे कधी न ओढलेली पोरंही मागतात. मी देत नाही. शेजारचा देतो.

एक बाबा, नाशिक: मावा-गुटखा राहिला की!

धागाकर्ती: दादा, त्यांना राज्यात बंदी आहे, तो वेगळा विषय. तंबाखूची पुडी मात्र या धाग्यातलीच. 18 वर्षांखालच्याला विकणं गुन्हा, तरी "बाबांनी मागवलीय" म्हटलं की मिळते.

सूनबाई, कराड: पुडी आणायला जावंच लागत नाही हो. आमच्याकडे मशेरी घरीच भाजतात. आठवीतली लेक "दाढ दुखते" म्हणून आजीच्या डबीतून घ्यायची; मग दाढ थांबली, मशेरी थांबेना. सकाळी लावली नाही तर म्हणे पोट साफ होत नाही! तंबाखूच तो, भाजला म्हणून काय झालं? मी भाजायचा तवा भंगारात दिला. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.