घरदुरुस्तीचा माणूस कसा पारखावा? आपापल्या कामातले बारकावे इथे लिहा

एप्रिल-मे आला की गच्चीची कामं निघतात, दिवाळीआधी रंगाची. या दोन हंगामांत लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण घाई असते. 'ओळखीचा माणूस घ्या' हा सल्ला सगळेच देतात, पण ओळखीच्या माणसाचं निदानही चुकू शकतं. म्हणून जे स्वतः हे काम करतात किंवा करून घेतात त्यांना विनंती आहे: ठेकेदाराला काय विचारायचं, काय मोजायचं आणि काम कुठे बिघडतं ते लिहा. वर फक्त काम आणि गाव टाका. कुठल्याही ठेकेदाराचं किंवा कंपनीचं नाव नको. दर गावागणिक बदलतात, तेव्हा दरांपेक्षा मापं लिहिलेली बरी.

गळती दुरुस्ती, मुंबई उपनगर

गळतीत पैसे बुडतात ते चुकीच्या निदानामुळे. माणूस आला, छताकडे पाहिलं आणि दोन मिनिटांत 'इंजेक्शन ग्राउटिंग करावं लागेल' (म्हणजे स्लॅबला भोकं पाडून दाबाने माल भरणं) म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा आणि आधी हे तपासा.

डाग बारा महिने, रात्रंदिवस सारखाच ओला असेल तर संशय पाण्याच्या लाइनवर. वरच्या घराचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवा, सकाळी थेंब कमी झाले का बघा. आंघोळी उरकल्यावर तासा-दोन तासांत टपकत असेल तर नहाणी ट्रॅप (जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं), त्याभोवतीचा जोड किंवा फरशीच्या फटा. वरच्या नहाणीच्या जाळीत खायचा रंग घातलेलं बादलीभर पाणी ओता. खाली रंगीत थेंब आला की ड्रेनेज सापडलं. नाही आला तर जाळी बुच मारून बंद करा, दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा आणि २४ तास थांबा. पातळी उतरली आणि खाली ओल वाढली तर दोष फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगचा. आणि डाग फक्त पावसात येऊन ऑक्टोबरात वाळत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची चौकट किंवा गच्ची. पाण्याची लाइन, नहाणी आणि पावसाची गळती या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकच केमिकल तिन्हींवर चालतं असं सांगणारा माणूस माल विकायला आलेला असतो.

आता गच्ची. जुना ब्रिकबॅट कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) हातोडीने ठोकत फिरा. 'बद' असा पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल करा. पोकळ कोब्यावर कितीही महागाचा लेप मारला तरी पाणी एका भेगेतून आत शिरतं, कोब्याखालून पसरतं आणि दहा फूट लांब कुठेतरी स्लॅबमधून उतरतं. मग लोक म्हणतात, 'केमिकल खराब होतं.' केमिकल बहुतेकदा चांगलंच असतं, खालचा थर मेलेला असतो. पोकळ भाग काढून पुन्हा भरायचा, उतार पावसाच्या पाइपाकडे निदान शंभरास एक ठेवायचा (दहा फुटांना सव्वा इंच), कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई घ्यायची. गवंडी हिला वाटा म्हणतात. हा वाटा गाळला की पहिली भेग तिथेच पडते.

लेपासाठी पृष्ठभाग कोरडा आणि धूळ-शेवाळ काढलेला हवा. पहिला हात, त्यात जाळी, वाळल्यावर आडवा दुसरा हात. ठेकेदार पाणी घालून माल वाढवतो ते असं पकडायचं: डब्यावर लिटरला किती चौरस फूट ते छापलेलं असतं. गच्चीच्या क्षेत्रफळाला त्याने भागा, किती डबे लागतील ते कामाआधी कागदावर लिहून घ्या. डबे तुमच्यासमोर सील फोडून उघडावेत आणि रिकामे डबे शेवटचं बिल होईपर्यंत गच्चीतच राहावेत. संपल्यावर पाइपांची तोंडं बंद करून ४८ ते ७२ तास पाणी साठवून दाखवल्याशिवाय काम पूर्ण मानू नका. 'दहा वर्षं गॅरंटी' या शब्दांना काही किंमत नाही. गॅरंटीत काय येत नाही ते लिहून मागा.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम आहे. घरातली मोरी, संडास, सिंक यांची गळती सभासदाची. ठेकेदार बोलवण्याआधी हे ठरलं नाही तर दोन शेजारी आयुष्यभर बोलत नाहीत.

संरचनात्मक दुरुस्ती, ठाणे

वरच्या मुद्द्याला जोडून. छताचं प्लॅस्टर फुगलंय, गंजाचा तपकिरी पट्टा दिसतोय, तर तो नुसता गळतीचा विषय राहिलेला नाही. आतली सळई गंजते आणि गंजलेलं लोखंड मूळपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून काँक्रीट फुटतं. फसवणुकीची नेहमीची रीत म्हणजे सैल भाग पाडून त्यावर लगेच नवं प्लॅस्टर. दोन पावसाळ्यांत ते पुन्हा पडतं.

बरोबर क्रम असा: टेकू लावणं. सळईच्या मागे बोट जाईल इतकं काँक्रीट काढणं, कारण गंज मागच्या बाजूलाही असतो. तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासणं. सळई झिजून फार बारीक झाली असेल तर जोडसळई, आणि ते अभियंत्याने ठरवायचं. मग गंजरोधक लेप, त्यावर जोडलेप (जुन्या काँक्रीटला नवा माल चिकटवणारा), तो ओलसर असतानाच पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमरचं रसायन मिसळलेला सिमेंटचा माल, पातळ थरांत. पॉलिमरचं प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला ५ ते साडेसात किलो. कामगार डोळ्याच्या अंदाजाने मगभर ओततो, म्हणून माप ठेवा. पोत्यावर कितव्या आठवड्यात सिमेंट भरलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे गेली की दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असं याच उपविधींत आहे. तपासणी करणारा अभियंता आणि दुरुस्ती करणारा ठेकेदार एकमेकांचे भागीदार नसावेत. एवढं पाळलं तरी निम्मा धोका टळतो.

प्लंबिंग, पुणे

भिंतीतली लाइन फरशी लावायच्या आधी दाबाखाली तपासून घ्या. हातपंपाने दाब भरायचा, दाबमापकाचा काटा कुठे आहे त्याचा फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा. 'वेळ नाही' म्हणणाऱ्या प्लंबरला फरशीवाल्याचं काम थांबवून ठेवायला सांगा. नंतर फरशी फोडण्यापेक्षा एक दिवस स्वस्त पडतो. गरम पाण्याला सीपीव्हीसीचाच (उष्णता सोसणारा प्लास्टिकचा) पाइप, आणि सांधे चिकटवायचं सोल्यूशनही सीपीव्हीसीचंच. गार पाण्याच्या पाइपचं सोल्यूशन वापरलं की सांधा सहा महिन्यांनी सुटतो.

मालाबद्दल थोडं. हार्डवेअरच्या दुकानातून प्लंबरला कमिशन मिळतं, हे उघड गुपित आहे आणि त्यात चोरी आहे असं मला वाटत नाही. पण पितळी कॉकच्या भावात जस्ताचा कॉक येतो, ती चोरी आहे. हातात घेऊन वजन बघा, आतले आटे बघा. यादी प्लंबरकडून, खरेदी तुमची, उरलेला न उघडलेला माल दुकानदाराने परत घ्यायचा, हे तीनही पहिल्या दिवशी बोलून घ्या.

रंगकाम, नाशिक

रंगात फसवतात ते मापात. बरेच ठेकेदार कार्पेट क्षेत्रफळ गुणिले साडेतीन करून मोकळे होतात. खरं माप टेपने घ्या. १० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट: परिमिती ४४, गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८. दार २१ आणि खिडकी १६ वजा केली की ३८१. छत १२०. एकूण ५०१ चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे साधारण १२० ते १६० चौरस फूट धरा, म्हणजे या खोलीला सव्वातीन ते सव्वाचार लिटर पुरतात. सहा लिटर सांगितले तर कारण विचारा.

डब्यांमध्ये रंगाऱ्यासाठी टोकन किंवा कूपन असतं. त्यामुळे तो विशिष्ट कंपनीचाच आग्रह धरतो. टोकन त्याचं त्याला घेऊ द्या, पण रंग कुठला ते तुम्ही ठरवा. ओल्या भिंतीवर पुट्टी मारू देऊ नका. ओल राहिली की पुट्टी पापुद्र्यांसारखी सुटते आणि दोष रंगाला लागतो. पुट्टीनंतर प्रायमर गाळणं ही सगळ्यात सोपी चोरी आहे, कारण वरून ती दिसत नाही. प्रायमर झाल्यावर एक दिवस स्वतः भिंतीवरून हात फिरवून बघा.

वायरिंग, कोल्हापूर

दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी-गिझरला चार. वायरच्या अंगावर हे माप आणि आयएसआय खूण छापलेली असते. भिंतीत ओढण्याआधी वाचा, ओढल्यानंतर काहीच कळत नाही. अर्थिंगची हिरवी वायर गाळली जाते. प्रत्येक सॉकेट उघडून ती दाखवायला सांगा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं चाचणीचं बटण दाबून तो पडतो का बघा. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या आणि चाचणी अहवाल मागा. एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवून देणारा माणूस तुमच्या घराला आग लागायची सोय करतोय. वायर तीच बारीक राहते आणि तिला वाचवणारं काही उरत नाही.

एसी-फ्रिज, छत्रपती संभाजीनगर

'गॅस कमी झालाय' हे दर उन्हाळ्यात ऐकू येतं. बंद नळ्यांतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणार. साबणाच्या पाण्याने किंवा नायट्रोजनने गळती दाखवा म्हणा. मग व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढून, वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून गॅस भरायचा. किती ग्रॅम लागतो ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं, गॅस आर३२ की आर४१०ए तेही. थंडावा कमी पडण्याचं कारण पुष्कळदा नुसती तुंबलेली जाळी असते.

दुरुस्तीसाठी कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे बनावट नंबर पेरलेले असतात. वॉरंटी कार्ड किंवा यंत्रावरचाच नंबर लावा. 'दहा रुपये भरून नोंदणी करा' म्हणत स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगितलं की फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

सुतारकाम, नागपूर

थोडक्यात लिहितो. १९ मिलिमीटर सांगितलेला प्लायवूड कडेला मोजा, १६-१७ भरतो. ओट्याखाली आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का असलेलाच घ्या, आणि तो कापण्याआधी शिक्क्याचा फोटो काढा. कपाटाचा चौरस फुटाचा दर समोरच्या दर्शनी मापावर की आतली खोली (डेप्थ) धरून, हे न ठरल्यामुळे निम्मी भांडणं होतात.

संस्थेचा खजिनदार, डोंबिवली

कागद कसा असावा तेवढंच. कामाचं वर्णन, माप, मालाचा ब्रँड आणि मात्रा, तारखा, पैशांचे टप्पे. सुरुवातीला १० ते १५ टक्के, पुढचे पैसे झालेल्या मापावर, आणि गळतीच्या कामात १० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात. अर्धे पैसे आगाऊ मागणाऱ्याला माल तुम्ही आणून द्या. तो तयार झाला नाही तर उत्तर मिळालंच.

'बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील' या आमिषाला बळी पडू नका. बिल नाही तर गॅरंटीही नाही. जीएसटी लावला असेल तर १५ अक्षर-अंकी क्रमांक पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. क्रमांकच नसलेल्याला जीएसटी आकारता येत नाही.

वाद झालाच तर आधी लेखी नोटीस, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फोटो, यूपीआयच्या नोंदी आणि मापाचा कागद एवढा पुरावा पुष्कळ होतो.

कौलारू घर, राजापूरजवळ (देखरेख दुबईहून)

गावाकडच्या घराला वरचे बरेच नियम लागू पडत नाहीत. शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून छप्पर नीट करणं, मे महिन्याच्या मध्याआधी व्हायला हवी. नंतर माणसं मिळत नाहीत आणि मिळतात ती घाईने रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या) न तपासताच कौलं परततात. वासे आणि रिपा टोकदार खिळ्याने टोचून बघायला सांगा, खिळा सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज आहे. लाकूड घनफुटावर येतं, म्हणून प्रत्येक नगाची लांबी-रुंदी-जाडी लिहिलेली यादी मागवा आणि पैसे थेट वखारीला पाठवा. मजुरी दर शनिवारी, टेप लावलेला फोटो आल्यावर.

मंगळुरी कौलं ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण १५० धरा. नवी मागवण्याआधी जुन्या कौलाच्या मागचा कारखान्याचा छाप पाहून घ्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि मग गळती वाढते. उतरवताना अखंड निघालेली कौलं मोजून ओसरीवर रचून ठेवायला सांगा, कारण तो छाप आता मिळत नसेल तर तीच कौलं समोरच्या पाख्यावर (छपराच्या उतारावर) एकत्र बसवता येतात आणि नवी मागच्या पाख्यावर.