काळ्या मातीत रडारने जुन्या वाहिन्या सापडतील का?

प्रश्न:
नमस्कार. जुळे सोलापुरातील आमच्या वसाहतीत सांडपाण्याची नवी वाहिनी टाकायची आहे. परंतु जुने नळ आणि विजेच्या केबल कोठून गेल्या आहेत, याचा नकाशा कोणाकडेच नाही. वर मीटरभर काळी माती आणि खाली मुरूम आहे. अशा जमिनीत भूभेदी रडारच्या पाहणीवर कितपत विसंबावे?

उत्तर 1:
रडार जमिनीत विद्युतचुंबकीय स्पंद सोडते आणि नळ, केबल किंवा मातीचा थर बदलतो तेथून परतणारा स्पंद टिपते. नळाला आडवे छेदून यंत्र ओढले, की पडद्यावर कमान उमटते. अडचण काळ्या मातीचीच आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे चिकण खनिज ओलावा धरून ठेवते, त्यामुळे मातीची विद्युतवाहकता वाढते आणि लहरींची ऊर्जा वाटेतच जिरते. म्हणून कोरड्या वाळूत 400 मेगाहर्ट्झच्या अँटेनाने दोन-तीन मीटरपर्यंत दिसत असले, तरी ओल्या काळ्या मातीत अर्धा मीटर गाठणेही कठीण होते. वारंवारता कमी केल्यास खोली काहीशी वाढते, मात्र बारीक नळ दिसेनासे होतात. पाहणी शक्यतो एप्रिल-मेमध्ये, जमीन पुरेशी वाळल्यावर करावी. यंत्र स्पंद परतायला लागलेल्या वेळेवरून खोली काढते, पण लहरींचा वेगही ओलाव्यानुसार बदलतो, त्यामुळे उघड्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात नळाची खोली प्रत्यक्ष मोजून यंत्राचे गणित तिच्याशी जुळवून घ्यावे. हे टाळले, तर अहवालातील खोलीचे आकडे मला विश्वासार्ह वाटणार नाहीत.

उत्तर 2:
रडारसोबत केबल लोकेटर अवश्य मागवा. बिडाचा नळ किंवा केबल यांत संकेत सोडून तो मार्ग दाखवतो आणि काळ्या मातीतही चांगले काम देतो. पीव्हीसी नळ मात्र त्याला कळत नाही. तेथे रडारच हवे, आणि नळ पाण्याने भरलेला असताना तो अधिक स्पष्ट दिसतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. अहवालात एखाद्या पट्ट्यात काहीच आढळले नाही, तर तेथे थेट जेसीबी लावता येईल का?

उत्तर 1:
कृपया लावू नये. काही दिसले नाही याचा अर्थ एवढाच, की त्या खोलीपर्यंत यंत्राला काही कळले नाही. ठरलेल्या मार्गावर, विशेषतः वळणांपाशी आणि घरांच्या नळजोडण्यांजवळ, मजुरांकडून हाताने चाचणी खड्डे घ्यावेत. केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये सुरू केलेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅपवरही खोदाईची आगाऊ सूचना द्यावी, म्हणजे ज्यांच्या केबल तेथे नोंदलेल्या आहेत, त्यांना ती कळेल.