सेमाग्लुटाइडचा डोस वाढवल्यापासून मळमळ, मदत हवी आहे

डॉक्टरांनी वजन कमी करायला सेमाग्लुटाइड सुरू केलंय, आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. ०.२५ मिग्रॅवर काहीच त्रास नव्हता. ०.५ वर गेल्यापासून मात्र चार घास खाल्ले की पोट गच्च, करपट ढेकर आणि मळमळ. या औषधाने जठर उशिरा रिकामं होतं हे ठाऊक आहे, पण इतकं? भूक मेली ते बरंच झालं म्हणा, पण प्रथिनं पोटात जात नाहीत आणि चरबीबरोबर स्नायूही झडतील अशी धास्ती वाटते.

पुढची पायरी १ मिग्रॅची. डॉक्टरांशी बोलून ०.५ वरच जास्त काळ थांबलेलं कुणी आहे का? उतार पडला का? मळमळीत प्रथिनं कशी जमवलीत? ऑनलाइन मिळणाऱ्या सुट्या पेप्टाइड पावडरी (अशाच औषधांच्या, घरी मिसळून टोचायच्या) कृपया सुचवू नका.